दावं धरलेली माणसं

त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला आणि पंपवाल्याचा धंदा बसला. पाणीच नाही तर पंप दुरुस्त कोण करून घेणार? अठरा वर्षं जो माणूस सकाळी पान्यांची पिशवी सायकलला अडकवून निघायचा आणि ग्रीसने काळे झालेले हात घेऊन दिवेलागणीला परतायचा, तो आता दिवसभर घरात होता. घरात बसलेला पुरुष म्हणजे चपलेतला खडा, असं त्याची आई म्हणायची. आठ दिवसांत त्याने न बिघडलेलं शिलाई मशीन उघडलं, दाराची कडी काढून उलटी बसवली आणि कणीक कशी मळावी हे बायकोला सांगायला सुरुवात केली. बायकोने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी परात त्याच्यापुढे ठेवली आणि ती गोठ्यात निघून गेली. त्यानंतर कणकेचा विषय निघाला नाही.

खरी काळजी गोठ्यातच होती. दोन म्हशी आणि एक गाय. घर सध्या त्यांच्याच दुधावर चाललं होतं, आणि चारा उरला होता जेमतेम दहा दिवसांचा. जनावरांचा व्यापारी आठवड्यातून दोनदा गल्लीतून चक्कर मारायचा. कुणाच्याही गोठ्यात शिरायचा, म्हशीच्या बरगड्यांवरून बोटं फिरवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. त्या न बोलण्यानेच भाव पडायचा.

अशात शहराजवळच्या माळावर सरकारी चारा छावणी उघडणार अशी नोटीस लागली. अट एकच होती, पण ती चांगलीच जाचक होती. प्रत्येक जनावराचा मालकासकट फोटो हवा. शिंगं, कान, शेपूट आणि अंगावरच्या खुणा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, मालकाचा चेहरा ओळखू आला पाहिजे. मुदत पुढच्या शनिवारपर्यंत. मागच्या खेपेला एकाच म्हशीवर चौघांनी चारा उचलला होता, त्याचं हे प्रायश्चित्त सगळ्यांच्या गळ्यात आलं.

गावाने शहरातल्या स्टुडिओवाल्याला बोलावून घेतलं. तो पांढऱ्या छत्रीचा दिवा घेऊन आला. पहिला नंबर पंपवाल्याच्या मोठ्या म्हशीचा लागला. स्टुडिओवाला सवयीने म्हणाला, "मान किंचित डावीकडे," आणि त्याने फट्कन छत्री उघडली. म्हशीने आयुष्यात असली गोष्ट पाहिली नव्हती. तिने छत्री शिंगावर घेतली आणि ती घेऊन बांधापलीकडे गेली. छत्री परत आणली तेव्हा तिच्या काड्या तेवढ्या छत्रीच्या राहिल्या होत्या.

"मी माणसांचे फोटो काढतो," स्टुडिओवाला सामान आवरत म्हणाला. "माणूस सांगितलेलं ऐकतो."

तो गेला. कोपऱ्यावर व्यापारी उभा होता. त्याने पानाची पिंक टाकली आणि तोही गेला.

घरी आल्यावर पंपवाल्याची बायको म्हणाली, "कॅमेरा आहे ना आपल्याकडे. ट्रंकेत."

तो कॅमेरा तिच्या धाकट्या भावाचा. लग्नांचे फोटो काढायचे म्हणून त्याने घेतला होता. तीन लग्नांचं काम केलं. तिसऱ्या लग्नात नवरीपेक्षा नवरीच्या बहिणीचे फोटो जास्त निघाले, त्यावरून मारामारी झाली. मग तो ट्रकवर लागला आणि कॅमेरा बहिणीकडे ठेवून गेला.

"काढणार कोण?" पंपवाल्याने विचारलं.

"मी."

"तू? मोबाइलचा गजर बंद करायला मला उठवतेस तू."

"गजर झाल्यावर तुम्ही उठावं म्हणून उठवते. बंद करता येतो मला."

बेचाळीस वर्षांच्या त्या बाईने त्याआधी कॅमेरा फक्त पुसून ठेवायला हातात घेतला होता. कॅमेऱ्याचं पुस्तक भावाने कधीच हरवलं होतं. तिने प्रत्येक बटण दाबून पाहिलं. एका बटणाने सगळं निळं व्हायचं, एकाने घड्याळ दिसायचं. वरचं मोठं बटण अर्धंच दाबलं की आत एक हिरवा चौकोन उमटतो आणि तो जिथे उमटतो तिथलं चित्र नीट येतं, हे तिला सासूच्या चपलांचे सोळा फोटो काढल्यावर कळलं.

रविवारी भर दुपारी तिने मोठ्या म्हशीला अंगणात उभं केलं, नवऱ्याच्या हातात दावं दिलं आणि फोटो काढला. सोमवारी एसटीने शहरात गेली, कॉम्प्युटरच्या दुकानात तो छापून घेतला आणि छावणीच्या कचेरीत रांगेत उभी राहिली. टेबलामागे गळ्यात ओला टॉवेल टाकलेला कारकून बसला होता. त्याने फोटो हातात धरला, लांब धरला, परत जवळ आणला.

"हे काय आहे?"

"म्हैस. मोठी."

"मला भोक दिसतंय, बाई. म्हशीच्या आकाराचं भोक. डोळा कुठे? खुणा कुठे? असा तर मी कुणाच्याही म्हशीचा म्हणून लावीन."

रांगेतले हसले. तिने फोटो परत घेतला. खरंच, भर उन्हात काळी म्हैस म्हणजे नुसता काळोख निघाला होता. पंपवाला मात्र झकास आला होता, पोट आत घेतलेला.

मंगळवारी ती दुसरा फोटो घेऊन गेली. सकाळच्या उन्हातला. म्हशीची शिंगं होती, कान होते, कपाळावरचा पांढरा ठिपकाही होता.

"मालकाला डोकं नाही," कारकून म्हणाला.

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा सासू भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. "त्याला एका नजरेत कळलं," सासू म्हणाली. "मला सेहेचाळीस वर्षं लागली." पंपवाला उठून बाहेर गेला.

बुधवारी तिसरा. मालक पूर्ण होता, म्हैसही पूर्ण होती, पण ऐन वेळी वळलेली.

"हे समोरून आहे की मागून?"

"मागून."

"चारा ती तोंडाने खाते ना? मग तोंड दाखवा." कारकुनाने फोटो दोन बोटांनी ढकलला. "तीन दिवस राहिलेत, बाई. कुणा जाणत्याकडून काढून घ्या."

त्या दिवशी एसटी चुकली. ती उन्हातून चालत आली. पाय धुऊन ती गोठ्यात गेली आणि धार काढायचं बुटकं स्टूल घेऊन म्हशीसमोर बसली. कॅमेरा मांडीवर. फोटो काढायला नाही, नुसतीच. इतकी वर्षं या म्हशीची धार काढली, शेण काढलं, अंग धुतलं, पण बसून बघितलं असं कधी नव्हतं.

बघताना तिला बरंच काही दिसलं. पाणी प्यायल्यावर म्हैस रवंथ करत एका जागी ढिम्म उभी राहते. बादलीची कडी वाजली की दोन्ही कान पुढे येतात आणि चार श्वास तसेच राहतात. स्टुलावर बसलं की शिंगापासून खुरापर्यंत सगळी म्हैस मावते. उभं राहिलं की पाय तुटतात. आणि दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर वाऱ्याने इकडे झुकली की तिचा उजेड म्हशीच्या काळ्या अंगावर पडतो, आणि अंगावरचा केस न् केस दिसायला लागतो.

राहता राहिला नवरा. त्याला फोटो म्हटलं की तो खांबासारखा व्हायचा. गुरुवारी ऊन वर येताच तिने चादर खाटेला बांधली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अहो, तिच्या कानामागे गोचीड आहे का बघा जरा."

तो वाकला. एका हाताने दावं धरून, दुसऱ्या हाताने कान उलटा करून, तोंडाने काहीतरी पुटपुटत बघू लागला. सासूने आतून बादलीची कडी वाजवली. म्हशीने मान वर केली, तिच्याबरोबर त्यानेही केली. बटण दाबलं.

कारकुनाने तो फोटो पाहिला. उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सुलटा केला. मग डिंकाच्या बाटलीचं झाकण काढलं.

"ही म्हैस," तो म्हणाला, आणि शिक्का मारला. मग मान उचलून रांगेला म्हणाला, "बाकीच्यांनी यांच्याकडून काढून आणा. माझं डोकं खाऊ नका."

त्यानंतरचे दोन दिवस त्या घराने जे सोसलं ते घरालाच ठाऊक. गुरुवारी दुपारपासून अंगणाबाहेर जनावरांची रांग लागली. म्हशी, गायी, बैल, वासरं, शेवटी एक गाढवही आलं; त्याच्या मालकाला छावणीत गाढव घेत नाहीत हे पटवायला अर्धा तास गेला, आणि मग त्याने "आलोच आहे तर" म्हणून गाढवाचा फोटो काढूनच घेतला. पंपवाला चादर धरून उभा. सकाळी पूर्वेकडून, दुपारी सावलीत, संध्याकाळी पश्चिमेकडून. हात भरून आले की तो चादर डोक्यावर घ्यायचा.

"वर," स्टुलावरून आवाज यायचा. "अजून वर. म्हशीचं पोट अंधारात गेलं."

"माझे खांदे गेलेत."

"म्हशीचं आधी बघा."

ती स्टूल सरकवत, शेणामातीतून गुडघ्यांवर सरकत फिरायची. एका बैलाने तिच्या पायावर पाय दिला. ती फडकं गुंडाळून परत बसली. प्रत्येक मालकाला ती काहीतरी काम सांगायची. खूर बघा, कपाळ पुसा, शेपटीतलं कुसळ काढा. कुणालाच "इकडे बघा" म्हणायची नाही. "इकडे बघा" म्हटलं की जनावर तिकडे बघतं आणि माणूस दगड होतो, एवढं तिला कळून चुकलं होतं.

शुक्रवारी दुपारी परगावचा एक माणूस गाय घेऊन आला आणि पंपवाल्याला म्हणाला, "तुम्ही फोटोवालीचे मिस्टर ना?"

"मी पंप दुरुस्त करतो," पंपवाला म्हणाला.

"असं होय. चादर जरा इकडे घ्या, माझ्या गायीला ऊन लागतंय."

शनिवारी कचेरी बंद होईपर्यंत एकशे चौदा जनावरांच्या अर्जांवर शिक्के बसले होते. सोमवारी सगळी जनावरं छावणीत गेली. व्यापाऱ्याने त्या आठवड्यात गल्लीत दोनदा चक्कर मारली, पण बोटं फिरवायला बरगड्याच नव्हत्या.

महिनाभराने हेडमास्तर आले. गावाच्या शाळेचे, साऱ्या गल्लीचे गुरुजी. अंगात कोट, हातात छडीसारखी गुंडाळलेली वही. ते महिनाअखेर निवृत्त होणार होते. शाळेच्या भिंतीवर आधीच्या चार हेडमास्तरांचे फोटो ओळीने होते, त्यात पाचवा लावायचा होता. समारंभाला शिक्षणाधिकारी यायचे होते.

"तुम्हाला जनावरांचे छान जमतात असं ऐकलं," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, मग माझाही जमेल."

ती हो तर म्हणाली. म्हशींची गोष्ट वेगळी. हा माणसाचा फोटो, तोही भिंतीवर कायमचा राहणारा, आणि त्याच्या खाली उभं राहून पोरं पाढे म्हणणार. हे रीतसर झालं पाहिजे असं तिने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ती शहरात स्टुडिओवाल्याकडे गेली.

स्टुडिओवाला छत्री विसरला नव्हता, पण माणूस मनाने मोठा होता. त्याने तिला खुर्ची दिली. "शैली लागते, बाई," तो म्हणाला. "शैलीशिवाय फोटो म्हणजे आधारकार्ड. माझी शैली बघा. हनुवटी वर, उजवा खांदा खाली, नजर खिडकीबाहेर. कुणीही येवो."

त्याच्या काचेच्या कपाटात फोटो मांडले होते. भाजीवाली होती, न्यायाधीश होते, कुस्ती खेळणारा एक पोरगा होता. तिघांची हनुवटी वर, तिघांचा खांदा खाली. भाजीवाली आणि न्यायाधीश सख्खी भावंडं वाटत होती. पण काच चकचकीत होती, चौकट सोनेरी होती, आणि ती दबली. हनुवटी, खांदा, खिडकी असं घोकत घरी आली.

रविवारी गुरुजींच्या बैठकीत निळा पडदा लावला. गुरुजी खुर्चीवर. पंपवाला चादर घेऊन कोपऱ्यात, धुळीने त्याला शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेला गुरुजी सवयीने म्हणत होते, "कोण आहे ते?"

"गुरुजी, हनुवटी वर. खांदा खाली. नाही, दुसरा. खिडकीबाहेर बघा."

"खिडकीबाहेर न्हाणीघर आहे."

"त्याच्या पलीकडे बघा."

नऊ फोटो निघाले. तिने ते छापून आणले तेव्हा गुरुजींच्या बायकोने, मास्तरीणबाईंनी, पत्ते बघतात तसे एकेक करून पाहिले. "यांना इंजेक्शन द्यायचं होतं का?" त्यांनी विचारलं. गुरुजी सभ्य माणूस. ते म्हणाले, "उजेड चांगला पडलाय." पंपवाल्याची बायको एवढ्या बोलण्याने जेवढी खचली तेवढी कारकुनाच्या तीन नकारांनी खचली नव्हती.

घरी येऊन तिने ते नऊ फोटो आणि जनावरांचे जास्तीचे छापलेले फोटो ओसरीवर पसरले. कुठे काय चुकलं ते शोधत होती. सासू शेजारी येऊन बसली. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला चेहरा दिसायचा नाही, नुसता माणसाचा आकार कळायचा, आणि तेवढ्यावर ती सगळं निभावून न्यायची.

"बघू," सासूने हात पुढे केला. गुरुजींचा एक फोटो नाकाला लावला. "कुणी साहेब आहे. गेला का?"

"आई, गुरुजी आहेत ते."

"कुठले?" सासूने फोटो खाली ठेवला आणि जनावरांच्या ढिगातला एक उचलला. "हा लोहार. बैलाच्या पायाशी वाकलाय बघ. बायकोपुढे कधी वाकला नाही एवढा." दुसरा उचलला. "ही कोपऱ्यावरची माझी मैत्रीण. दावं अंगापासून लांब धरलंय. नवऱ्याचा डबाही असाच धरून द्यायची, घ्यायचा तर घे म्हणून." तिसरा. "हा दुकानदार. गायीला भ्यालाय. लहानपणापासून भितो, सांगत नाही कुणाला." चौथा फोटो तिने जरा वेळ धरला. "हा आपला. काहीतरी बडबडतोय."

सुनेने ते फोटो परत घेतले. महिनाभर ती त्यांत शिंगं आणि शेपट्या मोजत होती. आता तिने दाव्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. लोहार, मैत्रीण, दुकानदार, नवरा. यांतल्या एकाचीही हनुवटी सांगून वर केलेली नव्हती. एकानेही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. ती प्रत्येकाला आवाजासकट ओळखत होती.

"अहो," तिने आत हाक मारली. "चादर धुऊन टाका. ती लागणार नाही आता."

पंपवाल्याने हे ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. "गुरुजी, पुन्हा काढते. पण तुम्ही बसायचं नाही."

"उभा राहू?"

"ते पण नाही. तुमचं रोजचं चालू द्या. मी आहे हे विसरून जा."

गुरुजी काही केल्या विसरले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर इतक्या सुंदर अक्षरात सुविचार लिहिला की पोरांना वाटलं साहेब आले. दुसऱ्या दिवशी ते पृथ्वीचा गोल हातात घेऊन तासभर उभे राहिले. तास गणिताचा होता. ती शेवटच्या बाकावर गुडघे आवळून बसून होती. बाक तिसरीतल्या पोरांच्या मापाचा.

"काढा ना," गुरुजी हळूच म्हणाले.

"अजून नाही."

"हात दुखतोय."

"मग खाली ठेवा गोल."

शनिवारी अर्धी शाळा. पोरं पळाली, शिक्षक गेले. तीही निघाली, फाटकापर्यंत पोचली आणि थांबली. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. ती व्हरांड्यातून मागे गेली आणि चौथीच्या वर्गाच्या दारात आली.

गुरुजींनी कोट खुंटीला लावला होता. ते जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून, एक गाल बाकाच्या फळीला लावून, खालचा मोडका पाय बसवत होते. ओठांत तीन खिळे. डाव्या हाताने पाय धरलेला, उजव्यात हातोडी. एकदा हातोडी बोटावर बसली तेव्हा त्यांनी खिळे न सोडता काहीतरी म्हटलं, आणि मग त्या बाकाला थोपटलं, बिथरलेल्या वासराला थोपटतात तसं. खिडकीतून ऊन तिरपं येऊन धुळीवर पडलं होतं. ती उंबऱ्यावर बसली, हिरव्या चौकोनाची वाट पाहिली आणि एकदाच बटण दाबलं.

फोटो छापून ती गुरुजींच्या घरी घेऊन गेली. तो पाहून गुरुजी लाल झाले. "हा नाही. हा अजिबात नाही."

"का?"

"का काय? हेडमास्तर ढोपरावर? पार्श्वभाग वर?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शिवाय सरकारी सामानाला परवानगीशिवाय हात लावायचा नसतो. दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. साहेबांनीच पाहिलं तर निवृत्तीच्या दिवशी चौकशी लागेल. मी स्टुडिओतून काढून घेतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

ती मान खाली घालून उठली. मास्तरीणबाई दारापर्यंत आल्या. "तो फोटो मला द्या," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी उशीर का होतो ते आज कळलं. तीस वर्षं मला सांगतात, मीटिंग असते."

समारंभाला सगळा गाव होता. भिंतीवर चार हेडमास्तर, पाचवी चौकट कापडाने झाकलेली. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. पंपवाल्याच्या बायकोने स्टुडिओचा फोटो बघावा लागणार म्हणून शेवटची रांग धरली होती. स्टुडिओवालाही आला होता, आपलं काम बघायला.

शिक्षणाधिकाऱ्यांनी कापड ओढलं.

चौकटीत गुरुजी गुडघ्यांवर होते. ओठांत तीन खिळे.

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाई समोरच्या खिडकीबाहेर बघत होत्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सवयीने गुरुजींची मान गर्रकन वळली, "कोण आहे ते?" त्यावर सगळेच हसले.

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून फोटो जवळून पाहिला. "हे बाक तुम्ही दुरुस्त करता?"

"चूक झाली, साहेब," गुरुजी म्हणाले. "अर्ज केले होते. अकरा केले. उत्तर आलं नाही."

"किती बाक केलेत असे?"

गुरुजींनी कोटाची बटणं चाचपली. "सगळेच. खुर्च्याही." मग त्यांना राहवलं नाही. "तुम्ही बसला होतात तीसुद्धा. मागे जोर देऊ नका, काल घाई झाली."

अधिकाऱ्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं, तिची पाठ धरून हलवून बघितली आणि सावकाश तिच्यावर बसले. "फोटो राहू द्या," ते म्हणाले. "मला त्या अकरा अर्जांच्या नकला पाठवा." आणि मग, "काढला कुणी?"

माणसं मागे वळली. ती बाई उभी राहिली, कारण आता बसणंही वाईट दिसलं असतं. स्टुडिओवाला तिच्या शेजारीच होता. "हनुवटी पार खाली आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण पाठ बोलते."

त्यानंतर जो तो फोटो काढून घ्यायला बोलावू लागला, आणि तो एक नवीनच ताप झाला. ती गेली की दुकानदार कोरा शर्ट घालून रिकाम्या तराजूत काहीतरी तोलत असायचा. शेजारीण झाडलेलं अंगण पुन्हा झाडत असायची, एक डोळा कॅमेऱ्यावर. लोहाराने भट्टी न पेटवताच ऐरणीवर घाव घातले. सगळे मन लावून आपण मन लावून काम करतोय असं दाखवत होते. ती सगळ्यांना एकच सांगायची, "काम असेल तेव्हा बोलावू नका. मीच येईन." लोकांना राग यायचा. पण ती येत राहायची, शेजारी टेकायची, शेंगा सोलायला मदत करायची, कधी कॅमेरा पिशवीतून काढायचीही नाही. पाचसहा वेळा असं झालं की लोक तिला विसरायचे. मग ती बटण दाबायची.

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, जनावरं घरी आली. विहिरींना पाणी लागलं आणि वर्षभर बंद पडलेले पंप एकदम बोंबलायला लागले. पंपवाल्याला जेवायला सवड मिळेना. एकदा त्याचा डबा घेऊन ती मळ्यातल्या विहिरीवर गेली तर तो पंपाच्या खड्ड्यात कमरेएवढ्या चिखलात उभा होता. मशीन उघडून आतले भाग काठावर ओळीने मांडले होते. तो त्या पंपाला शिव्या देत होता, मनापासून, आणि मधूनच गुणगुणत होता. ती बराच वेळ काठावर बसून राहिली. मग फोटो काढला, डबा ठेवला आणि आली.

संध्याकाळी तिने तो त्याला दाखवला. त्याने हात पुसून कॅमेरा घेतला आणि छोट्या पडद्यावर डोळे बारीक करून पाहिलं.

"पाना उलटा धरलाय मी," तो म्हणाला.

"हो."

"तोंडावर चिखल आहे."

"आहे."

"कुणाला दाखवू नकोस हा."

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो शहरात सामान आणायला म्हणून गेला आणि फोटो छापून घेऊन आला. दुपारपर्यंत गावातल्या सात जणांनी तो पाहिला होता. दाखवणारा तोच होता, आणि पाना मुद्दाम उलटा धरावा लागतो, त्यात कसब आहे, असं त्याने सातही जणांना समजावून सांगितलं होतं.